केवलकिशनचे ओठ

भोपाळ,
१८ जून २०२३

आदरणीय बाबूजी,
सादर नमस्कार.

मी निरुपम घोषाल. चार वर्षांपूर्वी शाहजहानपूरला, गर्रा नदीच्या घाटावर, अम्मांच्या चितेपासून वीस पावलांवर तुमच्या मुकुलशेजारी निळ्या स्वेटरमध्ये जो उभा होता, तो मी. तुम्ही तेव्हा माझ्याकडे पाहिलं नव्हतंत, म्हणून खूण सांगितली.

तुमचा नंबर मुकुलच्या फोनमध्ये आहे, पण तो चोरून घ्यायला मन धजेना. स्टुडिओचा पत्ता एका जुन्या दिवाळीच्या कार्डावर मिळाला.

काल आम्ही तो सिनेमा पाहिला. दोन मुलांच्या प्रेमाचा, ज्याचं गाणं सध्या प्रत्येक रिक्षात वाजतंय. मुकुल यायलाच तयार नव्हता. म्हणाला, "या सिनेमांत पहिला पाऊण तास आपल्यावर हसतात, मग पाऊण तास आपल्यासाठी रडतात आणि शेवटी आजी नाचते. मी घरीच नाचतो." मी ओढत नेला.

मध्यंतरापर्यंत तो हसत होता. मग तो मांडवाचा प्रसंग आला. बहिणीच्या लग्नात मुलगा मित्राचा हात धरून बापासमोर उभा राहतो. बाप म्हणजे केवलकिशन. ते फेब्रुवारीत वारले, हा त्यांचा शेवटचा सिनेमा, हे पेपरात वाचलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मुकुलनं माझ्या हातातला हात सोडवून घेतला. "हा केवलकिशन नाही. हे पापा आहेत."

मी म्हटलं, कशावरून?

"'मला' म्हणायच्या आधी नाकातून एक बारीक श्वास येतो. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना तो श्वास ऐकला की मी पळायचो."

तो उठून गेला. मी बसून ऐकलं. 'माझ्या दारात दोघं मिळून पाऊल ठेवा. मला मुलगे दोन.' लोक उभे राहिले. पुढच्या रांगेतले एक सरदारजी पगडीच्या टोकानं डोळे पुसत होते. मुकुल मला बाहेर समोशाच्या काउंटरपाशी सापडला. कागदी बशीचे बारीक बारीक तुकडे करत उभा होता. "पापांचं कामच आहे ते," एवढंच बोलला.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत नऊ वर्षं शिकवतोय. आवाजातलं मला काय कळणार? पण पोटात असल्याशिवाय हे असं ओठांवर येईल, असं मला वाटत नाही. मी चुकतोय का?

त्या दिवशी घाटावर तुम्ही चितेला अग्नी पुतण्याच्या, बब्बनच्या हातून दिलात, त्याबद्दल मुकुल एक शब्द बोललेला नाही. पण दरवर्षी पितृपक्षात नवमीला तो अम्मांच्या पद्धतीच्या उडदाच्या कचोऱ्या करायला बसतो. त्या दर वेळी करपतात. मी तशाच खातो.

या पत्राचं त्याला ठाऊक नाही.

आपला,
निरुपम

•

गोरेगाव, मुंबई,
२७ जून

निरुपमबाबू,

आशीर्वाद लिहावा की नुसतं 'पत्र मिळालं' लिहावं, यात अर्धा दिवस गेला. पत्र मिळालं.

मुलाचे कान माझ्यावर गेलेत. चांगली गोष्ट आहे. बाकी काही माझ्याकडून न्यावं असं माझ्याकडे नव्हतंच.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी एक्क्याऐंशी साली हिरो व्हायला मुंबईत आलो. चेहऱ्यानं नाही म्हटलं, गळ्यानं हो म्हटलं. मग सगळं केलं. गर्दीतला 'पकडा, पकडा' मी. ट्रकखाली सापडणारा मी. एका खलनायकाचा कुत्रा होता, तोही मीच. त्या कुत्र्याची समीक्षकांनी तारीफ केली होती. पंचवीसेक मुली तरी मी रडून सासरी पाठवल्या असतील, आणि मला मुलगी नाही. आज स्वतःचा स्टुडिओ आहे, दोन खोल्यांचा, तो या असल्या रडण्यावर उभा आहे.

लेखक लिहितो, दिग्दर्शक सांगतो, मी ते पडद्यावरच्या ओठांवर बसवतो. त्या वाक्याचे अकरा टेक झाले. दिग्दर्शक पोरगा काचेपलीकडून म्हणतो, "काका, अश्रू थोडा कमी." केला कमी. नळ आहे तो, बाबू. उघडतो तसा बंदही होतो. त्यानंतर मी डाळभात खाल्ला आणि दुपारी एका जाहिरातीतला डास केला.

तेव्हा पोटातलं वगैरे मनात आणू नका. मुकुल बरोबर बोलला. त्याला या पत्राचं सांगू नका, उगाच आशा लागते.

त्याचं पित्त कसं आहे? रिकाम्या पोटी चहा घेऊ देत जाऊ नका.

ब्रजनंदन सक्सेना

ता. क. घाटावर तुमचा स्वेटर निळा नव्हता. राखाडी होता. डाव्या कोपरावर उसवलेला.

•

भोपाळ,
९ जुलै

आदरणीय बाबूजी,

तुमच्या ताज्या कलमानं मला चार दिवस हवेत ठेवलं होतं. स्वेटर राखाडीच होता. मुकुलचा होता, अम्मांनी विणलेला. गाडीत मी कुडकुडायला लागलो म्हणून त्यानं अंगातून काढून दिला. तुम्ही पाहिलं होतंत तर. मी ठरवलं होतं, हे पत्र मुकुलला दाखवायचं.

पण मध्येच एक गोष्ट झाली.

आमच्या शाळेत जरीनाआपा चित्रकला शिकवतात. जन्मापासून ऐकू येत नाही, आणि एक सिनेमा सोडत नाहीत. म्हणतात, "तुम्हाला ऐकायला तिकीट लागतं, मला बघायला." त्या ओठ वाचतात. आमच्या मुख्याध्यापिका त्यांच्याकडे पाठ करूनच बोलतात, ते त्यामुळेच. परवा त्यांनी शिक्षकांच्या खोलीत मला गाठलं आणि पाटीवर लिहिलं: 'शेवटी लोक टाळ्या का वाजवतात? म्हातारा तर पोराला हाकलतो.'

मी हसलो. त्या चिडल्या. म्हणून काल मी त्यांच्याबरोबर पुन्हा गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो. केवलकिशन बोलायला लागले तसं त्यांनी माझ्या वहीत एकेक शब्द उतरवला:

'माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. मला मुलगा नाही.'

बाबूजी, ही वाक्यं मी आधी ऐकली आहेत. घाटावर. तुमच्याच तोंडून, जवळजवळ शब्दाला शब्द.

आजूबाजूला टाळ्या चालू होत्या. मी वही हातात धरून बसलो होतो. वर तुमचा गोड आवाज आणि खाली तेच ओठ. मुकुल शहाणा आहे, मीच वेडा. पुन्हा त्रास देणार नाही. क्षमा असावी.

निरुपम

•

गोरेगाव,
१६ जुलै

निरुपम,

हे पत्र फाडू नकोस. वाच, मग फाड.

जरीनाआपांना माझा सलाम सांग. चाळीस वर्षांत माझी चोरी पकडणारी ती पहिली बाई.

मी तुला खोटं लिहिलं होतं. खरं असं आहे. सिनेमा असाच काढला होता. बाप मुलाला हाकलतो आणि संपतो. खासगीत पाच-पन्नास लोकांना दाखवला, तर लोक खाली मान घालून चपला शोधायला लागले. निर्माता म्हणाला, "लोक लग्नाला येणार आहेत, मयताला नाही. बापाला कबूल करायला लावा." तोवर केवलकिशन गेला होता. पुन्हा उभा कुणाला करणार? मग मला बोलावलं. त्याचा खोकलासुद्धा मला येतो.

लेखकानं चार पानं लिहून आणली. सुंदर होती. एकही वाक्य त्या ओठांवर बसेना. माणूस बोलताना ओठ कुठे मिटतात आणि कुठे उघडतात, त्याला इलाज नसतो. तिथे तसेच शब्द लागतात. शेवटी सगळे कंटाळून चहाला गेले. "ब्रजभैया, तुम्हीच बसवा काहीतरी."

मी एकटा राहिलो. आठ सेकंदांचा तुकडा, आवाज बंद. पुन्हा, पुन्हा. केवलकिशन म्हणतोय, दारात पाऊल ठेवू नकोस. मला मुलगा नाही. चाळीस वेळा पाहिलं असेल, पन्नास वेळा. थोड्या वेळानं तो केवलकिशन राहिला नाही. ते ओठ मला आतून ठाऊक होते रे. माझेच तसे हलले होते, कुसुमच्या चितेसमोर.

आणि मग ते वाक्य आलं. कुणी लिहिलेलं नाही ते. कागदच नव्हता. तोवर आमचा रेकॉर्डिस्ट डिसूझा काचेमागे परतला होता, तो चष्मा पुसत बसला. तो टेक मी त्याला पुसायला लावला, कारण तो मलाच ऐकवेना. पुढचे दहा दिग्दर्शकासाठी. तुम्ही लोकांनी ऐकलात तो सातवा.

मी चुकतोय का, असं तू विचारलं होतंस. नव्हतास चुकत.

काल सकाळी मी मुकुलला फोन केला. चार वर्षांनी. म्हटलं, "बेटा, ते वाक्य मी तुझ्यासाठी..." तो ऐकत होता. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "हा कितवा टेक, पापा?" आणि ठेवला.

माझ्या आवाजावर त्याचा विश्वास नाही. त्याचं बरोबर आहे. मी जन्मभर विकला तो. म्हणून लिहितोय. लिहिताना मला एकच सूर येतो, आणि तोही बेसूर. आता मी काय करू, ते तू सांग.

ब्रजनंदन

•

भोपाळ,
३० जुलै

आदरणीय बाबूजी,

मी मुकुलला सगळी पत्रं दिली. आधी माझ्यावर ओरडला. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसून वाचली. स्वेटरच्या ओळीपाशी थांबला. मग दोन दिवसांत घरातल्या सगळ्या पंख्यांना तेल घातलं, शेजाऱ्यांच्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "पापांना बोलायला दुसऱ्याचे ओठ लागतात. एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणू देत. जिथे म्हणाले त्या गावात. ज्यांच्यासमोर म्हणाले त्यांच्यासमोर."

मी विचारलं, म्हणजे काय करू देत?

"अम्मांची नवमी आहे ऑक्टोबरात. शाहजहानपूरला दद्दांच्या अंगणात बब्बन दर वर्षी श्राद्धाला पाटावर बसतो. यंदा मी येतो. तूही येशील. पापांनी दोन वाक्यं बोलायची. एकात आपल्याला आत बोलवायचं, दुसऱ्यात बब्बनला उठवायचं. माईक नाही, काच नाही. टेक एकच."

मग पोळी मोडता मोडता म्हणाला, "बोलतील ते?" एवढ्या हळू, की मला त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळलं.

बाबूजी, सात ऑक्टोबर, शनिवार. त्यानं चार वर्षांत काही मागितलेलं नाही.

निरुपम

•

गोरेगाव,
२० ऑगस्ट

चि. निरुपम यास
अनेक आशीर्वाद.

बघ, या वेळी अर्धा दिवस लागला नाही.

तिकीट काढलं. पाच तारखेला पोचतो. दद्दांशी फोनवर बोलणं झालं आहे, काळजी नसावी. माझे थोरले बंधू आवाजानं नारळ फोडतात, पण आतून खोबरंच आहे. मला खांद्यावर बसवून शाळेत नेलेला माणूस आहे तो. बब्बनचं म्हणशील तर त्याला पाटापेक्षा पानाची घाई जास्त.

कचोऱ्या मुकुलला घरून करून आणू दे. करपू देत. कुसुमच्याही करपायच्या, ती वरचं खरवडून वाढायची, हे त्याला कधी कळलं नाही. आणि तू बंगाली माणूस, श्राद्धाच्या दिवशी मासळीची आठवण काढू नकोस, नाहीतर दद्दा दोघांच्या प्रेमाचं सोडून तेवढ्यावरच अडून बसतील.

रोज आरशासमोर तालीम करतो. चाळीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं पाहण्यात गेली, स्वतःचं नीट पाहायचं राहिलं होतं. दोन दात नाहीत. कुणी सांगितलं कसं नाही? वाक्य मात्र चोख बसतं. डिसूझा म्हणतो, "सर, एवढी तालीम तुम्ही कुत्र्यालाही केली नव्हती."

मुकुलला सांग, बाप येतोय. दुसऱ्या कुणाच्या वतीनं नाही.

तुझा,
बाबूजी

•

शाहजहानपूर,
१५ ऑक्टोबर

निरुपम,

मी अजून इथेच आहे. मुंबईला जाऊन काय करू, कळत नाही.

दद्दांशी बोलणं झालं, असं लिहिलं होतं. झालं होतं. हलवाई कोण आणि पंडितजी किती वाजता, एवढंच. बाकीचं म्हटलं समोरासमोर सांगू. मग पाच तारखेला म्हटलं सहाला सांगू. सहाला घर पाहुण्यांनी भरलं.

सातला सकाळी कडी वाजली, तेव्हा कुणी पाहायच्या आधी मी ओळखलं. मुकुलची डावी टाच घासते, सहावीत सायकलवरून पडला तेव्हापासून. शेजारची पावलं तुझी. तू हलकं चालतोस, कुणाची झोप मोडू नये तसं.

तू होतास, तू पाहिलंस. तरी माझ्या बाजूनं लिहितो.

तुम्ही उंबऱ्याबाहेर थांबलात. बरोबर केलंत, बोलवायचं मी होतं. पंडितजींचा मंत्र थांबला. वहिनींची भांडी थांबली. बब्बन बोटात दर्भाची अंगठी घालून बसलेला, म्हणाला, "काका, सांगा ना यांना. शेजारी बघतायत." आणि दद्दा बाजेवरून म्हणाले, "ब्रज, कोण आलंय?"

एवढंच विचारलं रे. ओरडले नाहीत. त्यांना दिसत होतं कोण आलंय. मला विचारत होते.

अशी शांतता मिळवायला आम्ही स्टुडिओत एसी बंद करतो, घड्याळं काढून ठेवतो. सगळे माझ्या आवाजाची वाट पाहत होते. दोन्ही वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं.

समोर ओठ नव्हते. 'हं, काका' म्हणणारं कुणी नव्हतं. दद्दांचा चेहरा होता, सत्तर वर्षं ओळखीचा. घशातून वारासुद्धा निघाला नाही.

मग मुकुलनं डबा उंबऱ्यावर ठेवला. बाहेरच्या बाजूला. आणि टाच वळली. गल्लीच्या टोकापर्यंत मी ती ऐकत होतो. पुढे सायकलींच्या घंटांत हरवली.

दद्दा म्हणाले, "चला, पंडितजी. वेळ टळतेय."

आता जे लिहितो, ते मुकुलला सांगायचं की नाही, तू ठरव. पंडितजींनी माझ्याकडे पाहिलं, यजमानांची परवानगी हवी म्हणून. आणि मी म्हणालो, "चला."

त्या 'चला'ला माझा आवाज फुटला. स्पष्ट. भरदार. एका टेकात.

संध्याकाळी डबा उघडला. वरचं खरवडून एक खाल्ली. मीठ बरोबर कुसुमएवढं होतं.

तुम्ही आता दार उघडू नका माझ्यासाठी. मी मागणारही नाही. फक्त त्याच्या पित्ताचं बघ.

ब्रजनंदन

•

भोपाळ,
२९ ऑक्टोबर

बाबूजी,

हे शेवटचं पत्र. मुकुलची इच्छा आहे की मी लिहू नये, आणि मी त्याला सांगून लिहितोय. 'चला'चं मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

तो बरा आहे. कामावर जातो. माझ्याशी चांगला वागतो, जरा जास्तच चांगला. परवा टीव्हीवर कुठल्याशा जाहिरातीत डास गुणगुणला, तर उठून बंद केला.

मला एकच गोष्ट सांगायची आहे.

तुम्ही लिहिलंत, घशातून वाराही निघाला नाही. खरं आहे. अंगणातल्या कुणालाही काही ऐकू आलं नाही. दद्दा तुमच्याकडे पाहत होते, पण त्यांना ऐकायचं होतं. मुकुल खाली उंबऱ्याकडे पाहत होता, पाऊल उचलायचं कधी, म्हणून. तुमच्या तोंडाकडे पाहणारा मी एकटा होतो. नऊ वर्षं मी हेच करतो, बाबूजी. दुसरं मला काही येत नाही.

तुमचे ओठ हलले.

'माझ्या दारात', इथे एकदा मिटले. 'दोघं मिळून.' 'पाऊल ठेवा.' मी आयुष्यात इतकं स्वच्छ काही वाचलेलं नाही. जरीनाआपा असत्या तर त्यांनी पाटीवर लिहून दिलं असतं. मग 'मला'साठी ते पुन्हा मिटले. आणि उघडले नाहीत. मी वाट पाहिली. मुकुल वळला, तरी मी मागे पाहत होतो. ते मिटलेलेच होते.

परतीच्या गाडीत बसलो. हरदोई गेलं, लखनौ गेलं. झाशीच्या पुढे बबीनाजवळ गाडी उगाचच उभी राहिली, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. कुठे मिटले, कुठे उघडले, सगळं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लहान मुलाला समजवावं तसा, आणि म्हणाला,

"निरू, आता तूही त्यांचं डबिंग करायला लागलास."

निरुपम